सदतिसावा महिना कोणता?

(वाचकांच्या संगणक-शंका आणि त्यांची उत्तरं)

या वेळच्या गठ्ठ्यातली पाच पत्रं तारखेवरूनच होती, म्हणून हा अंक तारखांना दिला. कोडमधली इंग्रजी अक्षरं मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. 'लहान एम' आणि 'मोठा एम' एवढं मात्र जपून वाचा, सगळं भांडण तिथेच आहे.

प्रश्न: ताई, मी लातूरच्या मोंढ्यात एका अडतीवर हिशोबाला आहे. बीसीए झालंय. शेतकऱ्याला द्यायची पट्टी हातानं लिहून कंटाळलो म्हणून पायथनमध्ये छोटा प्रोग्राम केला. ५ नोव्हेंबर २०२४ ला घरी चालवून बघितला, तारीख '०५/११/२०२४' अशी बरोबर आली. दुसऱ्या दिवशी पांडवपंचमीचा मुहूर्त साधून दुकानात लावला, तर पहिल्याच पट्टीवर '०६/३७/२०२४'! मापाडी सगळ्यांसमोर म्हणाला, "सदतिसावा महिना कंचा रे बाबा, धोंड्याचा का?" मालक अजून त्यावरून टोमणे मारतात. एका अक्षराचाही बदल केला नव्हता. मग एक दिवस बरोबर आणि दुसऱ्या दिवशी चूक कशी?

दुसरं असं की मालकांच्या जुन्या एक्सेल फायलींत सोयाबीनच्या भावाच्या नोंदी आहेत. त्यातल्या काही तारखा खान्याच्या डावीकडे चिकटलेल्या आहेत, काही उजवीकडे. त्या प्रोग्राममध्ये घेतल्या की मार्चचा माल मेमध्ये दिसतो. नाव छापू नका. – एक वाचक, लातूर

उत्तर: आधी त्या मापाड्याला माझा नमस्कार सांगा. असा परीक्षक पुण्याच्या कंपन्यांनाही मिळत नाही.

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, तरी सांगते. घरी चालवलात तेव्हा घड्याळात कितीतरी वाजून ११ मिनिटं झाली होती आणि दुकानात ३७. महिन्याच्या जागी तुम्ही मोठा एम लिहिलाय. पायथनच्या तारीख लिहून देणाऱ्या 'एसटीआर-एफ-टाइम'मध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे लहान एम म्हणजे महिना आणि मोठा एम म्हणजे मिनिट. लहान डी दिवस, मोठा वाय चार आकडी वर्ष, लहान वाय दोन आकडी वर्ष, मोठा एच चोवीस तासांचं घड्याळ, मोठा आय बारा तासांचं. ५ नोव्हेंबरला तुमची मिनिटं महिन्याशी जुळली, हा निव्वळ योगायोग.

पण ३७ वाल्या पट्टीची मला काळजी नाही, ती स्वतःच ओरडून सांगते. काळजी आहे ती न ओरडणाऱ्या पट्ट्यांची. तासाच्या साठ मिनिटांत १ ते १२ ही बारा मिनिटं महिन्यासारखी दिसतात. म्हणजे त्या दिवशी निघालेल्या दर पाच पट्ट्यांतली साधारण एक '०६/०४/२०२४' किंवा '०६/०९/२०२४' अशी, वरवर अगदी खरी दिसणारी गेली असणार. शेतकऱ्यानं ती घरी नेऊन देवळीत ठेवलीही असेल. दुकानातल्या प्रती काढा, त्या शोधा आणि दुरुस्त करून द्या. मालकांच्या टोमण्यांचं नंतर बघू.

आणि इथून पुढे चाचणीला तारीख निवडून घ्या. २३ नोव्हेंबर, संध्याकाळचे ५ वाजून ४८ मिनिटं, अशी. दिवस बारापेक्षा मोठा, तास दुपारनंतरचा, आणि कोणतेही दोन आकडे सारखे नाहीत. ५/५ किंवा ११/११ ला घेतलेली चाचणी आणि न घेतलेली चाचणी सारखीच.

आता एक्सेल. माझे वडील, नाना, परभणीच्या मोंढ्यात मुनीम होते. चोपडीत ते मिती लिहीत, 'कार्तिक शु. ५' अशी. रेल्वेच्या पावतीवर त्याच दिवसाची इंग्रजी तारीख टाकत. आणि गड्याला सांगताना म्हणत, "दिवाळी झाल्यावर दुसऱ्या बाजाराला." एका दिवसाची तीन लिहिणी, वाचणारा बदलला की लिहिणं बदलायचं. पण उधारीचे दिवस मोजायची वेळ आली की नाना कागदाकडे बघतच नसत, बोटांच्या पेरांवर दिवस मोजत. संगणकातही दिवस वेगळा आणि दिवसाचं लिहिणं वेगळं. एक्सेल आतमध्ये दिवस आकड्यानं मोजतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तर १५ मार्च २०२३ हा ४५००० वा. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे. लोटस नावाच्या जुन्या प्रोग्रामशी जुळवून घेताना ती चूक जाणूनबुजून ठेवली गेली आणि आजतागायत आहे. सरकारी दप्तरातच अशा गोष्टी होतात असं नाही.)

तुमच्या मालकांच्या संगणकाची मांडणी अमेरिकन होती, आधी महिना आणि मग दिवस. त्यांनी '५/३/२०२४' टाइप केलं ते ५ मार्च म्हणून, एक्सेलनं समजून घेतलं ३ मे. ते तारीख म्हणून पचलं, म्हणून उजवीकडे गेलं. '१८/३/२०२४' टाइप केलं तर अठरावा महिना नसतो, त्यामुळे एक्सेलनं ते नुसता मजकूर म्हणून डावीकडे ठेवलं. म्हणजे जे डावीकडे दिसतंय ते मालकांनी लिहिलं तसं शाबूत आहे, आणि जे उजवीकडे नीटनेटकं बसलंय तेच बिघडलेलं आहे. वर्षातल्या १४४ तारखांचा दिवस बारापर्यंतचा असतो. त्यातल्या १/१, २/२ अशा बारा सोडल्या तर १३२ दिवस उलटे झालेले निघतील.

उपाय असा. डावीकडच्या तारखा 'एसटीआर-पी-टाइम'नं वाचा आणि क्रम दिवस, महिना, वर्ष असा स्वतः सांगा. (पी म्हणजे पार्स, मजकुरातून तारीख वाचणं, एफ म्हणजे फॉरमॅट, तारखेचा मजकूर करणं. दहा वर्षं शिकवूनही मी हे दोन उलटसुलट करते, त्यात लाज नाही.) उजवीकडच्या तारखांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल करा. मग मोंढा बंद असतो ते वार आणि सण ताडून बघा. बंदच्या दिवशी भाव निघालेला दिसला तर ती ओळ अजून उलटीच आहे. आणि एकदा नीट झालं की फायलीत तारीख '२०२४-०३-०५' अशी, वर्ष आधी, ठेवा. १९८८ पासून ही आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत आहे. तिचा खरा फायदा तुम्हाला मुनीमकीत कळेल: नुसत्या मजकुरासारखी क्रमाला लावली तरी दिवसांचा क्रम बिघडत नाही. शेतकऱ्याच्या हातात जाईल ती पट्टी मात्र ०५/०३/२०२४ च राहू द्या. त्याला वर्ष आधी वाचायला लावू नका.

प्रश्न: आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. १२ एएम म्हणजे दुपार की रात्र? – जालना

उत्तर: रात्र. दुपारचे बारा म्हणजे १२ पीएम. पण पत्रिकेवर हे दोन्ही नकोच, अर्धं वऱ्हाड मध्यरात्री येईल. आत चोवीस तासांची वेळ ठेवा आणि छापताना 'पहाटे', 'सकाळी', 'दुपारी', 'सायंकाळी', 'रात्री' हे शब्द लावणारं पाच-सहा ओळींचं फंक्शन स्वतः लिहा. पहाट कितीला संपते यावर घरात वाद होईल, तो तुमच्याकडेच मिटवा.

प्रश्न: मॅडम, मी माजलगाव तालुक्यातला. एका साखर कारखान्याच्या काट्यावर रात्रपाळीला संगणक चालवतो. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्रीपासून ऊस वजनाच्या पावत्यांवर '२९-१२-२०२५' अशी तारीख छापून येऊ लागली. ट्रॅक्टरवाला म्हणतो, "माझा ऊस पुढल्या वर्षी घातला का?" प्रोग्राम जावातला आहे, ज्यानं केला तो आता फोन उचलत नाही. १ जानेवारीला सगळं आपोआप नीट झालं. साहेब म्हणतात झालं ना नीट, आता हात लावू नको. हात लावू का? – नाव नको

उत्तर: लावा. दुरुस्ती एका अक्षराची आहे आणि साहेब चुकीचं सांगताहेत.

जावात तारखेच्या साच्यात लहान वाय चार वेळा लिहिलं तर ते आपलं नेहमीचं वर्ष. मोठा वाय लिहिला तर ते 'आठवड्याचं वर्ष', म्हणजे हा दिवस ज्या आठवड्यात पडतो तो आठवडा कोणत्या वर्षाच्या खात्यावर जमा होतो ते वर्ष. १ जानेवारी २०२५ बुधवारी होता. रविवारपासून आठवडा धरला तर तो आठवडा २९ डिसेंबरलाच सुरू झाला आणि सगळाच्या सगळा २०२५ च्या खात्यावर गेला. तुमच्या पावत्या त्याच दिवशी बिघडल्या, म्हणजे तुमच्या संगणकाचा आठवडा रविवारचा आहे. सोमवारचा असता तर गडबड ३० तारखेपासून दिसली असती.

१ जानेवारीला हे दुखणं बरं झालेलं नाही, लपलंय. वर्षातले ३६० दिवस ही दोन्ही वर्षं एकच असतात, त्यामुळे चूक कुणाच्या नजरेला पडत नाही. २०२२ च्या डिसेंबरात तर ती दिसलीच नसती, कारण १ जानेवारी २०२३ रविवारीच आला. २०२५ च्या डिसेंबरात मात्र ती २८ तारखेलाच येणार. ऐन गळीत हंगामात, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना.

साहेबांना दुसऱ्या बाजूनं समजवा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, नंतर पंधरा टक्के व्याज. चौदा दिवस मोजायचे कुठून? पावतीवरच्या तारखेपासून. ती तारीखच वर्षभर पुढची असेल तर शेतकऱ्याच्या हातातला कागद त्याच्याच विरोधात बोलतो. हे ऐकल्यावर साहेब स्वतः येऊन शेजारी बसतील. तोपर्यंत त्या तीन दिवसांच्या पावत्यांची यादी काढून ठेवा. खतावणीत वर्ष कोणतं बसलंय तेही बघा. छापणं तेवढं चुकलं आणि आतली तारीख खरी राहिली असेल तर निभावलं. आतही मजकूरच साठवला असेल तर एकेक ओळ हातानं दुरुस्त करावी लागेल.

साचा उघडलाच आहात तर लहान एच आहे का तेही पाहा. जावात मोठा एच चोवीस तासांचा, लहान एच बारा तासांचा. लहान एच असेल आणि पुढे एएम-पीएम छापत नसाल, तर रात्री एकला आलेली गाडी आणि दुपारी एकला आलेली गाडी पावतीवर सारखीच. नंबरावरून भांडणं लागतात ती अशीही. आणि एक धोक्याची खूण: लातूरच्या मुलाचं उत्तर वाचून इथे एमला हात लावू नका. जावात उलटं आहे, मोठा एम महिना आणि लहान एम मिनिट. पायथनची अक्षरं सी भाषेतून आली, जावानं आपली वेगळी ठरवली, आणि मधल्यामध्ये आपण मेलो.

प्रश्न: मॅम, मी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. आमच्या वसतिगृहाच्या मेससाठी वेबपेज केलं. मुली सुट्टीची तारीख निवडतात, त्या दिवशी त्यांचा डबा धरायचा नाही. ५ मार्च निवडलं तर साठवलं जातं '२०२५-०३-०४टी१८:३०'. मावशींनी ४ तारखेला डबा केला नाही आणि ५ ला केला. माझ्या मैत्रिणी माझ्याशी बोलत नाहीत. हे साडेअठरा आले कुठून? – एक विद्यार्थिनी

उत्तर: साडेअठरा आले मिर्झापूरकडून. म्हणजे असं: आपल्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून साडेब्याऐंशीची तीनशे तीस, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास. (नांदेड त्या रेषेच्या बरंच पश्चिमेला, सत्त्याहत्तर अंशांच्या जरा पुढे आहे. त्यामुळे तुमच्याकडचा सूर्य घड्याळापेक्षा वीस-एक मिनिटं मागे चालतो. सकाळच्या तासाला उशीर झाला तर सांगून बघा.)

तुमच्या कोडनं ५ मार्च म्हणजे नांदेडची ५ मार्चची मध्यरात्र धरली. त्याच क्षणी ग्रिनिचला ४ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. जावास्क्रिप्टचं 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' तारीख नेहमी ग्रिनिचच्या वेळेत लिहितं, शेवटी झेड येतो तो त्यासाठीच. त्या मजकुराची पहिली दहा अक्षरं तुम्ही कापून घेतलीत आणि डब्याचा दिवस बदलला. भारतात लिहिलेल्या प्रोग्राममध्ये १८:३० दिसलं की पुढे विचारच करायचा नाही, हीच भानगड.

डब्याला घड्याळ नसतं. वाढदिवस, सुट्टी, परीक्षेची तारीख यांनाही नसतं. असा दिवस '२०२५-०३-०५' एवढ्या मजकुरातच पाठवा आणि तसाच साठवा, त्याची मध्यरात्र करूच नका. वर्ष, महिना, दिवस वेगळे काढून जोडले तरी चालेल. पण तिथे जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजतं, मार्च म्हणजे २, तेव्हा एक मिळवायला विसरू नका. उलट बाजूनं, मजकुरापासून तारीख बनवणाऱ्या 'न्यू डेट'ला '२०२५-०३-०५' दिलं तर तो ग्रिनिचची मध्यरात्र मानतो. ती आपल्याकडे पहाटे साडेपाच, त्यामुळे इथे तारीख बरोबर दिसते. तेच पान तुमच्या अमेरिकेतल्या मावसबहिणीनं उघडलं तर तिला ४ मार्च.

पायथनवाल्यांनी हसू नये. तिथल्या 'पायटीझेड' या देशोदेशीच्या वेळांच्या जुन्या साधनातून कोलकात्याची वेळ काढून ती थेट तारखेला चिकटवली की फरक साडेपाच नाही, पाच तास त्रेपन्न मिनिटांचा येतो. ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, तक्त्यात पहिली नोंद म्हणून बसलेली. पायथन ३.९ पासून 'झोनइन्फो' आलंय, ते वापरा.

पुढे तुम्ही विचारलंय की तारीख मराठीत दाखवता येईल का. येईल. 'टू-लोकेल-डेट-स्ट्रिंग'ला 'एमआर-आयएन' द्या आणि सोबत 'डेट-स्टाइल' 'लाँग' सांगा, '५ मार्च, २०२५' असं मराठी अंकांतच येतं. मावशींना तेच दाखवा. फक्त ते परत वाचून हिशोब करायला जाऊ नका. मजकुराचा आकडा करणारा पायथनचा 'इंट' मराठी ५ ला पाच मानतो, जावास्क्रिप्टचा 'नंबर' मानत नाही, सरळ हात वर करतो.

मैत्रिणींना एक दिवस स्वतःच्या खर्चानं डबा द्या. हे कोडमध्ये बसत नाही.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. वय ७४, राहणार औसा. नातवाच्या मदतीनं घरचे जुने कागद संगणकात नोंदवतो आहे. आजोबांच्या एका कागदावर 'बहमन १३४४ फसली' असं आहे. नातू म्हणतो संगणक १३४४ साल घेतो, पण मग हा कागद शिवाजी महाराजांच्या आधीचा दिसतो. तारीख कशी लिहावी?

उत्तर: नमस्कार काका. नातवाला म्हणावं संगणकानं १३४४ घेतलं यात त्याचं कौतुक नाही, त्याला कोणतंही पोतं द्या, तो उचलतो. आत काय आहे हे आपण बघायचं.

निजामाच्या राज्यात दप्तराचा कारभार फसली सनावर चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. म्हणजे १३४४ फसली हे ऑक्टोबर १९३४ ते ऑक्टोबर १९३५. महिने फारसी नावांचे: आजूर, दय, बहमन, इस्फंदार असे पुढे आबानपर्यंत. आजूर ढोबळमानानं ऑक्टोबर, तेव्हा बहमन म्हणजे डिसेंबरच्या आसपास. ताळा करायचा तर १७ सप्टेंबर १९४८ घ्या, ती तारीख आपल्याकडे कुणी विसरत नाही. तेव्हा १३५७ फसली संपत आलं होतं.

कोणत्याही भाषेच्या तयार साधनांवर विसंबू नका. जावास्क्रिप्टमध्ये भारतीय राष्ट्रीय पंचांग आहे, पण ते १९५७ साली लागू झालेलं सौर पंचांग. त्याचा चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला सुरू होतो, पाडव्याशीही त्याचा मेळ बसत नाही. फसलीशी तर त्याचं काहीच नातं नाही.

म्हणून तीन खाने करा. पहिल्यात कागदावर आहे तसंच, अक्षर न बदलता: 'बहमन १३४४ फसली'. दुसऱ्यात 'या तारखेनंतर', तिसऱ्यात 'या तारखेआधी', दोन्ही इसवीत. तुमच्या कागदाला १९३४ चा नोव्हेंबर संपताना ते १९३५ चा जानेवारी एवढी जागा द्या. दिवस माहीत नसताना नातू सवयीनं १ तारीख टाकेल, ती टाकू देऊ नका. पन्नास वर्षांनी त्याचा नातू ती खरी मानेल, कोर्टातही दाखवेल. कागद क्रमाला लावायचे झाले तर दुसऱ्या खान्यावरून लावा.

आणि काका, कागदाचा फोटो काढताना मागची बाजूही काढा. मुद्रांक विकत घेतल्याची नोंद कधी कधी तिथे असते, आणि तिच्यात दिवससुद्धा सापडतो.